किमान किती? – एका स्थिरांकाचा शंभर वर्षांचा शोध

शिंप्याला विचारले, "सदऱ्याला कापड किती लागेल?" आणि तो म्हणाला, "पाच मीटर आणा, नक्की पुरेल", तर तो खोटे बोलला असे म्हणता येत नाही. पण त्याला शिंपीकाम येते असेही म्हणता येत नाही. ज्याला काम येते तो सव्वादोन मीटर सांगतो, आणि दोनच मीटर आणले तर बाही कुठे आखूड पडेल तेही दाखवतो.

गणितातल्या असमानतांचे असेच आहे. वर्गात आपण सहज सिद्ध करतो की (क + ख)² ही संख्या २(क² + ख²) पेक्षा मोठी होऊ शकत नाही. दुसरीतून पहिली वजा केली की (क − ख)² उरतो आणि वर्ग कधी ऋण नसतो. आता एखाद्या विद्यार्थ्याने २ च्या जागी ५ लिहिले तर त्याचेही विधान खरेच आहे, फक्त ढिले आहे. १.९ लिहिले तर मात्र ते खोटे ठरते. क = ख = १ घ्या. डावीकडे ४ येतात, उजवीकडे ३.८. म्हणजे येथे २ हा चालू शकणारा सर्वांत लहान स्थिरांक आहे. अशा असमानतेला आपण काटेकोर असमानता म्हणू. ती मिळवायला दोन कामे करावी लागतात: एवढे पुरते हे सिद्ध करायचे, आणि याहून कमी पुरत नाही हे उदाहरणाने दाखवायचे. बहुतेक वेळा यांतले एक काम सोपे असते आणि दुसरे पिढ्यान्‌पिढ्या रखडते.

येथे ज्या असमानतेची हकीकत सांगायची आहे ती ग्यॉटिंगेनच्या डाव्हिड हिल्बर्टच्या व्याख्यानांतून निघाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिल्बर्ट संकल समीकरणांवर काम करत होता. त्या ओघात त्याने एक दुहेरी बेरीज विचारात घेतली. संख्यांची एक ओळ घ्या. तिच्यातली कोणतीही दोन पदे (तेच पद दोनदाही चालेल) घेऊन त्यांचा गुणाकार करा आणि त्याला त्यांच्या क्रमांकांच्या बेरजेने भागा. पहिले आणि तिसरे पद असेल तर ४ ने, दुसरे आणि पाचवे असेल तर ७ ने. अशा सगळ्या जोड्यांची बेरीज करा. ओळ अनंत असली तरी तिच्या पदांच्या वर्गांची बेरीज जर सांत असेल, तर ही दुहेरी बेरीजही सांत राहते, आणि वर्गांच्या बेरजेच्या एका ठरावीक पटीपलीकडे जात नाही, हे हिल्बर्टने सिद्ध केले. त्याच्या सिद्धतेतून ती पट आली 'पाय'च्या दुप्पट, म्हणजे सुमारे ६.२८. ही सिद्धता त्याच्या हेर्मान वाइल या विद्यार्थ्याच्या १९०८ च्या प्रबंधात छापली गेली.

१९११ मध्ये बर्लिनच्या इसाई शूरने दाखवले की दुप्पट नको, नुसता 'पाय' पुरतो आणि त्याहून कमी पुरत नाही. पूर्णांकांच्या बेरजांमध्ये वर्तुळाचा 'पाय' कुठून आला, हा प्रश्न विद्यार्थी विचारतील आणि त्यांनी विचारावाच.

दुसरे काम, म्हणजे कमी का पुरत नाही ते, हाताने करून पाहता येते. ओळ अशी घ्या: १, १/√२, १/√३, १/√४, … तिच्या वर्गांची बेरीज १ + १/२ + १/३ + … ही आपली ओळखीची श्रेढी. फक्त पहिले पद घेतले तर दुहेरी बेरीज भागिले वर्गांची बेरीज हे गुणोत्तर ०.५ येते. दोन पदे घेतली तर सुमारे ०.७३, तीन घेतली तर सुमारे ०.८७. पदे वाढवत नेली की हे गुणोत्तर वाढतच जाते आणि ३.१४१५… च्या हवे तितके जवळ पोहोचते. मात्र त्याची चाल अतिशय संथ आहे. एक कोटी पदे घेऊनही ते ३ च्या आतच राहते. म्हणजे नुसते आकडे मांडून अंदाज बांधणारा माणूस येथे हमखास फसेल, २.९ ला त्याने 'उत्तम स्थिरांक' म्हणून शिक्कामोर्तब केले असते. आणखी एक गंमत अशी की 'पाय' ही मर्यादा प्रत्यक्षात कोणतीच ओळ गाठत नाही (सगळी पदे शून्य असलेली सोडून). कापड सव्वादोन मीटरच लागते, पण प्रत्येक सदऱ्यातून एखादा सूतभर तुकडा उरतो, असा हा प्रकार.

शूरने याच्या जुळ्या भावाचाही विचार केला होता. क्रमांकांच्या बेरजेऐवजी वजाबाकीने भागायचे आणि दोन्ही क्रमांक सारखे असतील ती पदे वगळायची. येथे दोन वेगळ्या ओळी घ्याव्या लागतात आणि वर्गांच्या दोन बेरजांच्या वर्गमुळांचा गुणाकार उजवीकडे येतो. स्थिरांक पुन्हा 'पाय'च. पण आता छेद धन आणि ऋण दोन्ही असतो, पदे एकमेकांना खोडतात आणि गणिताचा स्वभावच बदलतो. या बेरजेचे अखंड रूप, म्हणजे क्रमांकांऐवजी रेषेवरचे सगळे बिंदू आणि बेरजेऐवजी संकलन, याला हिल्बर्ट रूपांतर म्हणतात. एखाद्या फलाची सर्व बिंदूंवरची किंमत घ्यायची, आपण जेथे उभे आहोत तेथून त्या बिंदूच्या (चिन्हासह) अंतराने तिला भागायचे, सगळे मिळवायचे आणि शेवटी 'पाय'ने भागायचे. आपल्या स्वतःच्या बिंदूशी अंतर शून्य होते आणि भागाकार अनंताकडे धावतो. पण डाव्या बाजूचा ऋण अनंत आणि उजव्या बाजूचा धन अनंत एकमेकांना तोलून धरतात आणि मधून सांत उत्तर निघते. ज्या संकलांत छेद असा शून्य होतो त्यांना सिंग्युलर इंटिग्रल म्हणतात. ही तोल सांभाळण्याची कसरत हेच त्यांच्या अभ्यासातले खरे दुखणे.

हे रूपांतर करते तरी काय? कोसाइनची लाट दिली तर साइनची लाट परत देते. प्रत्येक लाटेला पाव आवर्तन मागे सरकवते, तिची उंची बदलत नाही. त्यामुळे फलाचा आकार वर्गांच्या बेरजेने मोजला तर रूपांतरानंतर तो तेवढाच राहतो. स्थिरांक १. येथे कोणाला काही अडचण नव्हती.

पण आकार मोजायची वर्ग ही एकच रीत नाही. किमतींचे (चिन्ह सोडून) तिसरे घात, चौथे घात, सर्वसाधारणपणे 'प' वे घात घेऊन त्यांची बेरीज करावी आणि शेवटी 'प' वे मूळ काढावे. 'प' मोठा असला की उंच शिखरांना जास्त वजन मिळते, 'प' १ च्या जवळ असला की लांबवर पसरलेल्या शेपटांना. ० ते १ या अंतरावर किंमत १ आणि इतरत्र ० असे साधे फल घ्या. त्याच्या हिल्बर्ट रूपांतरात लॉगॅरिदम येतो. ० आणि १ पाशी ते अनंत उंच जाते आणि दूरवर त्याचे शेपूट १/क्ष सारखे रेंगाळते, ज्याची बेरीज सांत नसते. म्हणून 'प' अनंत असेल किंवा १ असेल तर कोणताच स्थिरांक पुरत नाही. मधल्या सर्व 'प' साठी पुरतो का?

हा प्रश्न १९२० च्या सुमारास मोठमोठ्यांना अडला होता. आपल्याला रामानुजनमुळे ओळखीचा असलेला जी. एच. हार्डी तेव्हा ऑक्सफर्डला होता. त्याने आणि त्याचा विद्यार्थी टिचमार्श याने प्रयत्न केले, जमले नाही. स्वीडनमध्ये स्थायिक झालेला हंगेरियन गणिती मार्सेल रीस याने आपल्याला सिद्धता मिळाल्याचे कळवले होते. हार्डीने पत्र पाठवून ती मागितली. १९२३ च्या अखेरीस रीसचे उत्तर आले. त्यात सिद्धता होती आणि ती सुचली कशी तेही होते. फारशा तयारीच्या नसलेल्या एका विद्यार्थ्याच्या परीक्षेसाठी प्रश्न काढायला तो बसला होता आणि तो प्रश्न जुळवताना त्याला ही वाट दिसली! प्रश्नपत्रिका काढणे हे रटाळ काम आहे असे म्हणणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना ही हकीकत अवश्य सांगावी. १९२४ मध्ये रीसचे छोटे टिपण प्रसिद्ध झाले आणि १९२८ मध्ये सविस्तर निबंध.

त्या वाटेचा 'प' = ४ हा टप्पा अकरावी-बारावीच्या बीजगणितात बसतो, म्हणून तो पुरता पाहू. मूळ फलाची एका बिंदूवरची किंमत क, रूपांतराची ख. त्यांना जोडून क + तख ही संमिश्र संख्या करा. त म्हणजे −१ चे वर्गमूळ. हिल्बर्ट रूपांतराची खुबी ही की या जोडफलाला कॉशीचे प्रमेय लागू पडते आणि पुरेशा चांगल्या फलासाठी (क + तख)⁴ ची संपूर्ण रेषेवरची बेरीज शून्य येते. द्विपद प्रमेयाने विस्तार करून वास्तव भाग घेतला तर

क⁴ − ६क²ख² + ख⁴ ची एकूण बेरीज = ०.

म्हणजे ख⁴ ची बेरीज ही क²ख² च्या बेरजेच्या सहापटीतून क⁴ ची बेरीज वजा केली असता मिळते. आता कॉशी-श्वार्झची असमानता वापरा: क²ख² ची बेरीज ही क⁴ आणि ख⁴ यांच्या बेरजांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाहून मोठी नसते. ख⁴ ची बेरीज भागिले क⁴ ची बेरीज या गुणोत्तराचे वर्गमूळ स म्हटले, तर

स² − ६स + १ ≤ ०.

वर्गसमीकरण सोडवा. स जास्तीत जास्त ३ + २√२ असू शकतो. आपल्याला हवा तो स्थिरांक याचे वर्गमूळ, म्हणजे १ + √२, सुमारे २.४१४. झाले, चौथ्या घाताचे प्रमेय सिद्ध.

ही पाच मीटरची सिद्धता आहे की सव्वादोन मीटरची? रीसचा हेतू स्थिरांक मोजण्याचा नव्हता. पण येथे नशीब उघडले आहे: १ + √२ हाच किमान स्थिरांक आहे. कारण पाहण्यासारखे आहे. कॉशी-श्वार्झमध्ये बरोबरी केव्हा येते? ख आणि क यांचे गुणोत्तर (चिन्ह सोडून) सर्वत्र तेच असेल तेव्हा. म्हणजे क + तख हे बिंदू प्रतलात मूलबिंदूतून जाणाऱ्या ठरावीक कलाच्या रेषांवरच असायला हवेत. २.४१४ ही ६७.५° ची टॅन आहे. ६७.५ ची चौपट २७०, आणि २७०° ची कोसाइन शून्य. त्या रेषांवर चौथ्या घाताचा वास्तव भाग बेरीज करण्याआधीच, प्रत्येक बिंदूवर, शून्य असतो! प्रत्यक्षात फल नेमके त्या रेषांवर ठेवता येत नाही, कारण मग चौथ्या घातांची बेरीजच अनंत होते. पण हवे तितके जवळ नेता येते. हिल्बर्टच्या बेरजेत 'पाय' जसा न गाठता जवळ आला, तसेच.

'प' = ४ च्या पुढची पायरी चढायला चाळीस वर्षे लागली. जोडफलाचा वर्ग केला तर त्याचा वास्तव भाग क² − ख² आणि दुसरा भाग २कख. तेव्हा २कख हे क² − ख² चे रूपांतर. त्यावर पुन्हा रूपांतर केले की चिन्ह बदलून मूळ फल परत येते (साइन-कोसाइनवर करून पाहा), म्हणून ख² = क² + कख च्या रूपांतराची दुप्पट. अर्जेंटिनातील कोटलारने १९५५ मध्ये वापरलेल्या या नित्यसमानतेतून 'प' साठीचा स्थिरांक ग असेल तर '२प' साठी ग + √(ग² + १) पुरतो असे निघते. ज्यांनी त्रिकोणमिती शिकवली आहे त्यांना हे सूत्र कुठे भेटले ते आठवेल. अर्ध्या कोनाच्या कॉटचे हे सूत्र: ग ही एखाद्या कोनाची कॉट असेल, तर ग + √(ग² + १) ही त्याच्या निम्म्या कोनाची कॉट. 'प' = २ ला ४५° ची कॉट १. ४ ला २२.५° ची कॉट २.४१४. ८ ला ११.२५° ची कॉट, सुमारे ५.०३. त्या वेळच्या सोव्हिएत मोल्दाव्हियात, किशिनेवला काम करणाऱ्या गोहबर्ग आणि क्रुपनिक यांनी १९६८ मध्ये २, ४, ८, १६ … या सर्व घातांसाठी हेच किमान स्थिरांक आहेत असे सिद्ध केले. इतर घातांसाठीही स्थिरांक ९०° भागिले 'प' या कोनाच्या कॉटपेक्षा लहान असू शकत नाही हे त्यांनी दाखवले. तेवढा पुरतो का, हे राहिले.

ते उत्तर शिकागोत मिळाले. तेथे अंतोनी झिगमुंड हा पोलिश गणिती १९४७ पासून शिकवत होता. १९४८ मध्ये तो ब्वेनोस आयरेसला गेला असता त्याला आल्बेर्तो काल्देरॉन हा स्थापत्य अभियंता भेटला, आणि त्या दोघांनी १९५२ मध्ये एका मितीतले हे सारे शास्त्र अनेक मितींत नेले. तेथे संमिश्र संख्यांची युक्ती चालत नाही. त्यांनी फलाचे 'चांगला' आणि 'वाईट' असे दोन तुकडे करून प्रत्येकाची वेगळी व्यवस्था लावली. ही पद्धत इतकी दणकट आहे की पुढच्या अर्ध्या शतकाचे विश्लेषण तिच्यावर उभे राहिले. पण तिच्यातून येणारे स्थिरांक अवाढव्य असतात. त्यामुळे गणितींमध्ये एक मत असे रूढ झाले की स्थिरांक सांत आहे एवढे कळले की पुरे, त्याचा आकडा हवा कशाला? या मताला मी तुच्छ लेखणार नाही. बहुतेक उपयोगांना खरोखरच तेवढे पुरते.

झिगमुंडचाच एक ग्रीक विद्यार्थी, स्टिलियानोस पिकोरिडिस, याने मात्र आकड्याचाच ध्यास घेतला आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सर्व घातांचा प्रश्न निकालात काढला. २ आणि त्यापुढच्या 'प' साठी किमान स्थिरांक म्हणजे ९०° भागिले 'प' या कोनाची कॉट. १ आणि २ मधल्या 'प' साठी त्याच कोनाची टॅन. 'प' = ३ ला ३०° ची कॉट, म्हणजे √३. दीडला ६०° ची टॅन, पुन्हा √३. 'प' १ कडे सरकला की कोन ९०° कडे जातो आणि टॅन अनंत होते, जे व्हायलाच हवे होते. दहावीच्या त्रिकोणमितीच्या तक्त्यात हे स्थिरांक तयार मांडलेले आहेत. सिद्धतेतही प्रतलातल्या कोनाचीच भूमिका आहे. पिकोरिडिसने प्रत्येक संमिश्र संख्येसाठी खरी असणारी एक साधी असमानता शोधली, जिच्यात बरोबरी नेमकी त्या खास कोनाच्या रेषांवर येते. मग तिची सर्व बिंदूंवर बेरीज घेतली. रीसच्या २७०° चीच ही पूर्ण वाढलेली गोष्ट.

यानंतर एक अनपेक्षित पाहुणा आला: जुगार. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या डोनाल्ड बर्कहोल्डरने असा प्रश्न मांडला. एक खेळाडू न्याय्य खेळ खेळतो, म्हणजे प्रत्येक डावात सरासरी नफा-तोटा शून्य. दुसरा तोच खेळ पाहतो, पण प्रत्येक डावाला तोच डाव त्याच बाजूने किंवा उलट बाजूने लावायची त्याला मुभा आहे. 'प' व्या घाताने मोजले तर दुसऱ्याची शेवटची रक्कम पहिल्याच्या जास्तीत जास्त किती पट होईल? १९८४ मध्ये त्याने नेमके उत्तर दिले. २ पासून पुढच्या 'प' साठी 'प' − १, आणि १ ते २ मध्ये १ भागिले ('प' − १). येथे ना कोन, ना टॅन. पण यादृच्छिक हालचाल आणि सिंग्युलर इंटिग्रल यांचे नाते इतके जवळचे निघाले की बर्कहोल्डरची युक्ती अनेक मितींतल्या रूपांतरांना लागू झाली.

तिथेच आकड्याच्या नेमकेपणाला खरी किंमत येते. प्रतलात बर्लिंग-आल्फोर्स रूपांतर नावाचे असेच एक रूपांतर आहे. रबराच्या पत्र्याला ठरावीक मर्यादेत ताणले की वर्तुळांची लंबवर्तुळे होतात. अशा ताणण्याचे समीकरण सोडवताना एक गुणोत्तर श्रेढी मांडावी लागते. तिचे सामान्य गुणोत्तर म्हणजे ताणाची मर्यादा ठरवणारी एक संख्या (१ पेक्षा लहान) गुणिले या रूपांतराचा स्थिरांक. गुणोत्तर १ पेक्षा लहान असेल तरच श्रेढीची बेरीज होते, हे आपण वर्गात सांगतोच. मग स्थिरांक दीडपट ढिला धरला, तर ज्या घातांसाठी उत्तर असते त्यांतले कितीतरी आपल्या हातून निसटतात. येथे 'सांत आहे' एवढ्याने भागत नाही. १९८२ मध्ये पोलिश गणिती ताडेउश इवानिएट्सने अटकळ केली की हा स्थिरांक बर्कहोल्डरच्या जुगारातलाच, म्हणजे २ च्या पुढे 'प' − १ असावा. त्याहून लहान नाही हे आधीच माहीत होते. २००३ मध्ये त्याची दुप्पट पुरते हे सिद्ध झाले, २००८ मध्ये बान्युएलोस आणि जनकीरामन यांनी ती दुप्पट १.५७५ पटीवर आणली. अटकळ अजून उभी आहे. मधल्या काळात, १९९४ मध्ये, फिनलंडच्या कारी आस्तालाने त्या ताणण्याच्या प्रश्नातले अपेक्षित घात वेगळ्याच वाटेने मिळवले. स्थिरांक मात्र तसाच राहिला.

आणि शूरचा जुळा भाऊ, वजाबाकीने भागलेली ती पूर्णांकांची बेरीज? तिचे एक येणे बाकी होते. तिच्यासाठी वर्गाऐवजी 'प' वा घात घेतला तर किमान स्थिरांक किती? 'पाय'ने भागल्यावर तो अखंड रूपांतराएवढाच असावा असे कोणालाही वाटेल. हार्डीच्या त्याच विद्यार्थ्याने, टिचमार्शने, १९२६ मध्ये तसे सिद्ध केल्याचे जाहीरही केले होते. नंतर सिद्धतेत चूक निघाली आणि ती त्याने मान्य केली. पूर्णांकांवरचा स्थिरांक लहान असू शकत नाही एवढे टिकले. मोठा नाही, हे राहिले. संमिश्र संख्यांची ती सुंदर बीजगणिती युक्ती पूर्णांकांवर तशीच उतरत नव्हती. २०१९ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा बान्युएलोस आणि पोलंडमधील व्रोत्स्वाफचा क्वाश्नित्स्की यांनी यादृच्छिक हालचालींचा आधार घेऊन ते सिद्ध केले. पूर्णांकांवरही स्थिरांक तोच, पिकोरिडिसचा. टिचमार्शचे विधान बरोबर होते, सिद्धता यायला ९३ वर्षे लागली.